एक वाटी भाताचं वजन

वाटी म्हणजे नेमकी कुठली वाटी, हा प्रश्न मला चाळिशीपर्यंत कधी पडला नव्हता. आमच्या घरात पाच-सहा तऱ्हेच्या वाट्या आहेत. लग्नात आलेल्या नक्षीच्या, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या काचेच्या, डब्यात बसणाऱ्या बुटक्या. वरण कशातही वाढा, कोण विचारतंय? तसा हिशोब हा माझा पोटापाण्याचा धंदा. सातपूरच्या एका कारखान्यात मी अकाउंट्स बघते आणि तिथे एक आकडा इकडचा तिकडे झाला तर समोरच्याला फाडून खाते. स्वयंपाकघरात मात्र मी कधी आकडा शिरू दिला नाही. डोळ्याला दिसतं तेवढं माप पुरे, असंच आमचं चाललं होतं.

लेक चौथीत असताना तिला मधुमेह निघाला. मोठ्या माणसांना होतो तो नव्हे. लहान मुलांना होतो तो, ज्यात शरीर इन्सुलिन बनवायचंच थांबतं आणि मग ते जन्मभर बाहेरून टोचून घ्यावं लागतं. आठ-दहा दिवस दवाखान्यात काढून आम्ही घरी आलो, तेव्हा माझ्या पर्समध्ये सुयांची डबी होती, बोटाला टोचून रक्तातली साखर बघायचं यंत्र होतं आणि डोक्यात डॉक्टरांचं एकच वाक्य घुमत होतं. जेवायला बसण्याआधी सुई घ्यायची, आणि ती पुढ्यातल्या जेवणाच्या हिशोबानं घ्यायची. सुई कमी पडली तर साखर चढते, ते वाईटच. पण सुई पुरी घेतली आणि जेवण कमी पडलं, तर साखर एकदम खाली येते. मूल घामाघूम होतं, बरळायला लागतं, बेशुद्ध पडतं. त्यापुढे काय होतं तेही डॉक्टरांनी स्पष्ट शब्दांत सांगितलं होतं. मला ते इथे लिहायचं नाही.

तिथेच एका तरुण आहारतज्ज्ञ मुलीनं आम्हाला कागद दिला. त्यावर लिहिलं होतं, शिजवलेला भात, एक वाटी.

"कुठली वाटी?" मी विचारलं.

"नेहमीची हो, ताई."

"नेहमीची म्हणजे कोणाची? तुमच्या घरातली की माझ्या?"

माझा आवाज जरा चढलाच असावा, कारण नवऱ्यानं माझ्या हाताला हात लावला. ती मुलगी चांगली होती, रागावली नाही. म्हणाली, "बरोबर आहे तुमचं. वाटी फक्त जागा सांगते, वजन नाही सांगत. तुम्ही एक काटा घ्या आणि तुमच्या घरातलं माप तुमचं तुम्ही मोजून ठेवा."

भांडी बाजारातून मी एक छोटा बॅटरीवरचा काटा आणला. पुढचे दोन आठवडे मी घरात जे दिसेल ते त्यावर ठेवत सुटले. एकाच वाटीत पोहे भरले तर काटा जेमतेम हलायचा, आणि त्याच वाटीत शिरा भरला तर दुप्पट-तिप्पट आकडा दाखवायचा. नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पीठ चाळून भरलं तर एक वजन, डब्यातून दाबून घेतलं तर वेगळं. कच्चे तांदूळ शिजून किती होतात तेही पाणी घालण्यावर. साधा मोकळा भात हलका, आणि आमच्याकडे पेठहून येणाऱ्या इंद्रायणीचा भात चिकट, वाटीत गच्च बसणारा, जड. कागदावर भात म्हणजे भात. माझ्या ओट्यावर मात्र रोज वेगळाच भात निघायचा, आणि त्यावर माझ्या पोरीचा जीव टांगलेला होता. इतका राग मला आयुष्यात कुठल्या भांड्याचा आला नसेल.

आमच्या घरी वाढायचं काम सासूबाईंचं. मी त्यांना आईच म्हणते. पेठच्या पलीकडच्या एका गावातून त्या आमच्याकडे गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या, सासरे गेल्यावर. घरची भातशेती होती. तांदूळ मोजण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. त्यांच्या गावात मजुराला दिवसाचे तांदूळ मापट्यानं मोजून द्यायचे आणि मापटं नेहमी शिगेनं भरायचं, म्हणजे वर टेकडी होऊन दाणे बाजूला घरंगळायला लागेपर्यंत. काठाबरोबर हात फिरवून ती टेकडी पाडली, तर त्याला शीग मोडणं म्हणायचे. कोणाला देताना शीग मोडलीत तर समोरचा माणूस तुमच्या दारात पुन्हा पाऊल ठेवायचा नाही. सपाट माप म्हणजे शिवीच. इथे शहरात येऊनही त्यांचा हात तसाच राहिला. साखर द्यायची शेजारणीला, तर वाटीवर डोंगर. भात वाढायचा, तर वाटी शिगेनं भरायची, वर ओला तळहात ठेवून थापायची आणि ताटात उपडी करायची. मूद अशी घट्ट पडायची की चमच्यानं फोडावी लागे.

मी म्हटलं, ठीक आहे. शीग तर शीग. त्यांना बदलायला जाण्यात अर्थ नव्हता आणि मला त्यांच्याशी वाद घालायची ताकदही उरली नव्हती. त्यांनी वाढलेली वाटी मी बरेच दिवस प्रत्येक वेळी काट्यावर ठेवून बघितली. एकशे साठ ग्रॅम, चार-पाच इकडे तिकडे. लेक दोन वाट्या भात खायची, म्हणजे तीनशे वीस. त्याला डॉक्टरांनी बसवून दिलेल्या प्रमाणात सहा युनिट इन्सुलिन. इन्सुलिनचं ते पेन असतं ना, त्याच्या टोकाची चकती फिरवून आकडा लावायचा आणि पोटाला टोचायचं. लेक ते स्वतःच शिकली. शाळा सकाळची, त्यामुळे दुपारी घरी ती आणि आजी दोघीच. मी सातपूरला, नवरा देवळाली कॅम्पला नोकरीवर. दोन वाट्या, सहा युनिट. हे एवढं पाठ करून मी काटा फडताळात वर ठेवून दिला आणि पुन्हा कामावर जायला लागले.

महिनाभर बरं चाललं. आकडे जरा वरच्या बाजूला असायचे, पण डॉक्टर म्हणाले होते की सुरुवातीला असू द्या, पडण्यापेक्षा बरं. मग हळूहळू ते उतरायला लागले. दुपारी घरी फोन केला की लेक आकडा सांगायची आणि मला हायसं वाटायचं. संध्याकाळी घरी आल्यावर मी आईंच्या समोर तिला म्हणायची, "बघ, कशी छान येतेय शुगर. अशीच ठेवायची." आईंच्या चेहऱ्यावर समाधान दिसायचं. मला वाटलं, नात बरी होतेय म्हणून असेल.

तो रविवार होता. नवरा काही कामासाठी बाहेर गेला होता. जेवणं झाली, लेक आतल्या खोलीत आडवी झाली. मी कपड्यांच्या घड्या घालत होते. दीडेक तासानं मी तिला उठवायला गेले तर उशी ओली. केस कपाळाला चिकटलेले. हाक मारली तर डोळे अर्धे उघडले, पण बघत होती ती माझ्या मागे कुठेतरी. "मम्मी, तो पंखा खाली येतोय," असं काहीतरी म्हणाली, जड जिभेनं.

मी धावत यंत्र आणलं. बोट टोचलं. बेचाळीस. सत्तरच्या खाली गेलं की धोका, हे मला झोपेतही पाठ होतं. ग्लुकोजची पावडर पाण्यात कालवून मी तिच्या ओठाला लावली. "गीळ. गीळ बाळा. अजून एक घोट." अर्धं पाणी हनुवटीवरून खाली येत होतं. आई दारात उभ्या होत्या. चौकट धरून. मी त्यांना नवऱ्याला फोन लावायला सांगितलं तर त्या हलल्याच नाहीत. पंधरा-वीस मिनिटांनी लेकीच्या नजरेत ओळख आली. तिनं मला विचारलं, "तू का रडतेयस?" मी रडत होते हे तोवर मला माहीत नव्हतं.

डॉक्टरांना फोन केला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "जेवली किती?"

"नेहमीसारखं. दोन वाट्या भात."

"आणि डोस?"

"सहा. नेहमीसारखा."

"मग कुठेतरी काहीतरी चुकतंय," ते म्हणाले. "शोधा. तोवर डोस कमी ठेवा."

रात्रभर मी आकडे मांडत बसले. पेन बिघडलं असेल का, औषधाची नवी कुपी वेगळी असेल का, पोरगी खेळली जास्त असेल का. माझ्या कामात असं होतं तेव्हा मी एकेक व्हाउचर उपसून काढते आणि चूक सापडतेच. इथे सापडेना. मुदीचा आकार तर माझ्या डोळ्यांसमोर होता, रोजच्यासारखाच.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. जेवणाच्या वेळी काटा खाली काढला, लेकीचं रिकामं ताट त्यावर ठेवून आकडा शून्यावर आणला आणि आईंना म्हटलं, वाढा. मग त्यांनी दोन मुदी पाडल्या. दिसायला त्याच, गोल, वाटीच्या आतल्या आकाराच्या. काट्यावर आकडा आला दोनशे अठरा.

मी चमच्यानं मुदीला टोचलं तर ती लगेच ढासळली. आत मोकळा भात. शीग नव्हती, थापलेलीही नव्हती. वाटी काठापर्यंत अलगद भरून, वरून हात फिरवून उपडी केलेली. जागा तेवढीच व्यापली होती, आणि वजनात शंभर ग्रॅमचा फरक. म्हणजे माझी पोरगी सहा युनिट घेऊन चार युनिटांचं जेवत होती.

"हे काय आहे?" मी विचारलं.

आई ओट्याकडे बघत राहिल्या. "मी कमी वाढलाय," त्या म्हणाल्या. "बरेच दिस झालं. आधी जरासा कमी केला. मग तू म्हणालीस छान येतीय शुगर, मग अजून केला."

"मला न सांगता?"

"तुला सांगितलं असतं तर तू नाय म्हणाली असतीस. शुगरला भात नाय चालत, लय वाईट असतो. मला म्हाईत हाय."

मग माझा तोल सुटला. काय काय बोलले ते सगळं आठवतंय आणि त्यातलं थोडंच सांगण्यासारखं आहे. पोरगी मेली असती तर तुम्ही काय केलं असतं, असं मी त्यांना विचारलं, आणि पोरगी दारात उभी राहून ऐकत होती. शेवटी म्हटलं, "आजपासून तुम्ही तिच्या ताटाला हात लावायचा नाही." आईंनी वाटी ओट्यावर ठेवली, पदराला हात पुसले आणि बाल्कनीत जाऊन बसल्या.

त्यांनी माझं म्हणणं अक्षरशः पाळलं. जेवणाची वेळ झाली की स्वयंपाकघरातून बाहेर. मी भात काट्यावर मोजून वाढायची, लेकीला सुई घ्यायला सांगायची, समोर बसून शेवटच्या शितापर्यंत बघायची. आकडे नीट येत होते. घर मात्र गप्प झालं. लेक विचारायची, "आजी, तू का नाही वाढत?" आई म्हणायच्या, "आता मम्मी हाय ना घरी." त्यांनी स्वतःच्या ताटात भात घेणं बंद केलं. दोन्ही वेळा भाकरी खायच्या, एकट्या, मागाहून. नवरा मला म्हणाला, "चूक झाली तिची, मान्य. पण तिच्याशी बोलशील का नाही?" मी म्हटलं, "तू बोल. तुझी आई आहे." तो बोलला असेलही. काही फरक पडला नाही.

इकडे माझी रजा संपत आली. साहेबांचे फोन यायला लागले, आधी चौकशीचे, मग नुसते कामाचे. नोकरी सोडणं आम्हाला परवडण्यासारखं नव्हतं. सुया, रक्त तपासायच्या पट्ट्या, सगळं दर महिन्याला लागणारं. दुपारी पोरीजवळ बाई ठेवायचा विचार केला, एक-दोघी येऊनही गेल्या. सुईचं नाव काढलं की त्यांचे चेहरे उतरायचे. राहता राहिल्या आई. आणि त्यांच्या हातात पोरगी सोपवायची म्हटलं की मला ती ओली उशी दिसायची.

शेवटी मीच एका संध्याकाळी बाल्कनीत गेले. खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले. मला नरमाईनं सुरुवात करता येत नाही, म्हणून सरळ विचारलं, "आई, तुम्ही आयुष्यात कोणाला सपाट वाटी दिली नाहीत. परक्याला दिली नाहीत. मग हिलाच कशी दिलीत?"

"तुझ्या सासऱ्याला शुगर होती," त्या म्हणाल्या. ते मला माहीत होतं. त्यांचा पाय कापावा लागला होता, आणि त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत. "डॉक्टरनी सांगितलं हुतं, भात बंद करा. जन्मभर भात खाल्लेला माणूस, त्याला भाकर गोड लागंना. ताटावर बसून माझ्याकडं बघायचं. मला नाय म्हणवलं नाय. मी वाढायची. शीग लावून वाढायची. लोक म्हणायचे, लय सेवा केली नवऱ्याची." त्यांनी हात मांडीवर उलटे ठेवले होते, तळवे वर. "त्याला शीग लावून मारला मी. म्हणून हिची मोडली. तर ही पण मरायला टेकली. मग मी वाढायचं तरी कसं, तूच सांग मला."

मी ज्याला हट्टीपणा समजत होते, त्याखाली हे होतं. सासरे जाऊन इतकी वर्षं झाली आणि ही बाई रोज ओट्यापाशी वाटी हातात घेऊन हा प्रश्न घेऊन उभी असायची. मला त्यांचा राग यायचा थांबला असं नाही म्हणणार. राग होताच. पण त्याच्या जोडीला असं काही आलं की मला त्यांचा हात धरावासा वाटला, आणि मी धरला.

मग मी त्यांना जमेल तसं समजावलं. सासऱ्यांचं दुखणं वेगळं आणि हिचं वेगळं. त्यांचं शरीर इन्सुलिनचं ऐकत नव्हतं, हिच्या शरीरात इन्सुलिनच नाही. हिला भात चालतो. सगळं चालतं. फक्त जेवढं पोटात जाईल तेवढ्याची सुई हवी. डॉक्टर पहिल्या दिवसापासून हेच सांगत होते, की औषधाला जेवण बांधू नका, जेवणाला औषध बांधा. मी ते ऐकलं होतं, पण कामावर जायच्या घाईत दोन वाट्या आणि सहा युनिट अशी गाठ मारून मोकळी झाले होते.

"तुम्ही तुमच्या मनानं वाढा," मी म्हटलं. "कमी वाढा, जास्त वाढा. पण ताट काट्यावर ठेवा आणि आकडा मला सांगा. तेवढ्याची सुई मी सांगते."

"मला काटा नाय समजत."

"मोबाइलवर नंबर लावता ना? तेच आकडे आहेत."

शिकायला त्यांना वेळ लागला, आणि तो न समजल्यामुळे नव्हे, भीतीमुळे. काट्यावर ताट ठेवलं की आकडा नाचायचा, त्या दचकून ताट उचलून घ्यायच्या. लेक म्हणायची, "आजी, थांब ना, तो आपोआप थांबतो." कधी त्या वाटी भरायच्या, परत पातेल्यात रिकामी करायच्या, परत भरायच्या. मी बाजूला उभी राहून दात आवळून गप्प बसायची. माझ्यासारखीला गप्प बसणं म्हणजे काय असतं, ते माझ्या नवऱ्याला विचारा. वाढून झालं की पुढचं मी त्यांना रोज सांगायची. सुई घेतली की ताटातलं सगळं पोटात गेलंच पाहिजे. राहिलं तर ते मोजायचं आणि तेवढ्याच्या बदल्यात दुसरं काहीतरी गोड द्यायचं, लगेच. भात किती राहिला तर केळं किती, दूध किती, हे आम्ही तिघी बसून काट्यावर ठेवून बघायचो. त्या मान डोलवायच्या. कितपत डोक्यात गेलंय ते मला कळायचं नाही.

मग कामावर जायचा दिवस आलाच. जेवायच्या वेळी मी कारखान्याच्या मागच्या जिन्यात जाऊन बसले, तिथे आवाज कमी असतो. फोन आला.

"तीनशे पाच दाखवतंय," आई म्हणाल्या. आवाज कोरडा होता.

मी मनातल्या मनात दोनदा हिशोब केला. "साडेपाच. पेनवर तिला साडेपाच लावायला सांगा आणि तुम्ही बघा."

लांबून लेकीचा आवाज आला, "साडेपाच, मम्मी. टोचली."

"फोन ठेवू नका," मी म्हटलं. फोन तिकडे ओट्यावर ठेवल्याचा आवाज झाला. मग चमच्याचा आवाज. लेक शाळेतलं काहीतरी सांगत होती, आई हं हं करत होत्या. मी भिंतीला डोकं टेकलं. जरा वेळानं चमचा थांबला.

"आजी, बस. पोट भरलं."

"अजून हाय ताटात."

"नको ना. मला उलटी होईल."

मी ताडकन उठून उभी राहिले. सुई पोटात गेलेली. सातपूरहून घरी पोचायला मला अर्धा तास. मी फोनमध्ये आई, आई अशी हाक मारत राहिले, पण फोन ओट्यावर होता आणि माझा आवाज तिथे पोचत नव्हता. तिकडे कोणीतरी उठलं. ताट घासत नेल्याचा आवाज. मग बराच वेळ काहीच नाही. तो वेळ मी कसा काढला ते मला सांगता येणार नाही.

मग फोन उचलला गेला.

"ऐकतीयस का?" आई म्हणाल्या. "ताट परत ठेवलं काट्यावर. साठ राहिलाय. केळं सोललंय मी, वेलची केळं, ते देऊ का अजून दूध पण?"

"केळं पुरे," मी म्हटलं. "पूर्ण द्या."

"पूर्णच देतीय." आवाज लांब गेला. "खा. माझ्याकडं बघ आणि खा. हं. अजून." पुन्हा आवाज जवळ आला. "खाल्लं सगळं. तोंड उघडून बघितलं मी. तासाभरानं बोट टोचून आकडा सांगते तुला."

मी हो म्हणायला गेले आणि हुंदकाच बाहेर पडला.

"रडू नको," त्या म्हणाल्या. "ठेव आता फोन. तू जेवली नसशील अजून."